काळ्या कातळाचे वय आणि कुळ

पालघर किंवा बोईसर स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असाल तेव्हा रुळांखाली अंथरलेल्या खडीकडे एकदा नीट पाहा. काळसर, जड आणि फोडल्यावर धारदार कडा येणारा हा दगड आहे. घराचे जोते, विहिरीचा कठडा, पाटा-वरवंटा, रस्त्याचे डांबर, जिकडे पाहावे तिकडे हाच. आपण त्याला काळा दगड म्हणतो, भूवैज्ञानिक त्याला बेसाल्ट म्हणतात. तो ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हारसापासून बनला, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे, हेही वाचले असेल.

विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा पाठ करण्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा की, दगडाला जन्मदाखला नसताना त्याचे वय मोजले कसे? दुसरा असा की, लाव्हा तर जगात पुष्कळ ठिकाणी येतो. जपानमध्ये येतो, आपल्या अंदमानातील बॅरन बेटावरही येतो. मग आपल्याकडचा लाव्हा त्याच जातीचा होता की निराळा? पहिला प्रश्न वयाचा, दुसरा कुळाचा. दोहोंचे उत्तर दगडातले अणू मोजून मिळते. मात्र अणूंची साक्षही तपासून घ्यावी लागते. ती कशी तपासतात, ते या लेखात पाहू.

उंचावर जुने, किनाऱ्यावर नवे

पालघर जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. ते म्हणजे जव्हार. दख्खनचा लाव्हा एकदम आला नाही. तो थरांवर थर असा साचत गेला. नाशिक-पुण्याकडच्या डोंगरांना दिसणाऱ्या पायऱ्या या थरांच्याच आहेत. पण नुसत्या डोळ्यांना सगळे थर सारखेच दिसतात. इगतपुरीचा एक थर आणि महाबळेश्वरचा एक थर शेजारी ठेवला तर कोणता कुठला, हे सांगणे कठीण.

१९८० नंतरच्या दशकात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतील पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी, तसेच इंग्लंडमधील काही भूवैज्ञानिक यांनी पश्चिम घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने गोळा केले आणि त्यांचे रासायनिक पृथक्करण केले. टिटॅनियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्राँशियम यांची प्रमाणे पाहिली तेव्हा सारखे दिसणारे थर वेगवेगळ्या गटांत पडले. प्रत्येक गटाला जवळच्या ठिकाणाचे नाव मिळाले. खालून वर जाताना ही नावे अशी येतात : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर. म्हणजे पश्चिम घाटातल्या या ढिगाच्या अगदी तळाशी आहे तो जव्हारचा गट. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षे भरते.

आता एक कोडे पाहा. थरांच्या बाबतीत साधा नियम असा, की खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. जव्हारचा परिसर समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंच आहे. मग तेथून पश्चिमेला उतरून समुद्रकाठी आलो, तर तिथला दगड जव्हारपेक्षाही जुना असायला हवा. पण वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, उत्तनजवळच्या डोंगरी येथील ज्वालामुखी खडकाचे वय आले सुमारे ६ कोटी २६ लाख वर्षे. म्हणजे जव्हारहून चांगला पस्तीस लाख वर्षांनी लहान! उंचावर जुना आणि समुद्राच्या पातळीवर नवा, हे कसे?

आकडा चुकला असे म्हणण्याचा मोह होईल. म्हणूनच आकडे कसे मिळतात ते आधी समजून घेऊ. कोड्याकडे मग परत येऊ.

पोटॅशियमचे घड्याळ

पोटॅशियम हे मूलद्रव्य केळ्यात असते, राखेत असते, तसेच खडकातही असते. त्याचे अणू तीन वजनांचे असतात. या सख्ख्या भावंडांना समस्थानिक म्हणतात. त्यांपैकी पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी आहे. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत तो जेमतेम एकच सापडतो. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे. म्हणजे आज जितके अणू आहेत, त्यांतले निम्मे १२५ कोटी वर्षांनी उरतील.

बदलणाऱ्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शियम होते आणि सुमारे ११ अणूंचा आर्गॉन-४० हा वायू होतो. कॅल्शियम खडकात आधीपासूनच भरपूर असते, त्यामुळे नवे कोणते नि जुने कोणते हे कळत नाही. आर्गॉनचे तसे नाही. तो कोणाशी संयोग न पावणारा निष्क्रिय वायू आहे. लाव्हा तापून पातळ असतो तेव्हा तो बहुतेक निसटून जातो. लाव्हा थिजला की मात्र पुढे तयार होणारा आर्गॉन स्फटिकांच्या पिंजऱ्यात अडकून राहतो. खडक थिजला त्या क्षणी घड्याळ शून्यावर आले आणि चालू झाले, असे म्हणा ना.

जरा हिशेब करू. खडक थिजताना त्यात पोटॅशियम-४० चे १०,००० अणू होते असे धरा. साडेसहा कोटींहून थोडा अधिक, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांचा काळ गेल्यावर त्यांतले केवळ ३५९ बदललेले असतील. त्यांपैकी आर्गॉन झालेले फक्त ३८! दहा हजारांत अडतीस. त्यातच आपल्या बेसाल्टमध्ये मुळात पोटॅशियम फार थोडे. हे घड्याळ वाचायला किती नाजूक हात लागत असेल, याची कल्पना येते.

घड्याळ गळू लागले तर?

दख्खनच्या खडकांवर ही पद्धत १९६० नंतरच्या दशकात वापरली जाऊ लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रामा यांनी १९६४ साली काही नमुन्यांची वये प्रसिद्ध केली. १९७० साली वेलमन आणि मॅकएलहिनी यांनी आणखी मोजमापे केली. पण जसजसे आकडे वाढत गेले तसतसा घोटाळाही वाढला. कोणत्या नमुन्याचे वय तीन कोटी वर्षे येई, तर कोणाचे दहा कोटी. हे सगळे खरे मानले तर दख्खनचे ज्वालामुखी सात कोटी वर्षे धुमसत होते असे म्हणावे लागले असते.

दोष कोणाचा? घड्याळाची गती बिघडली नव्हती. किरणोत्सर्गी अणूंच्या गतीवर ऊन, पाऊस, दाब यांचा परिणाम होत नाही. दोष होता घड्याळाच्या डबीचा. पालघर जिल्ह्यात सातिवली, कोकनेर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. असे पाणी, शिवाय कोकणातला मुसळधार पाऊस, खडकांच्या भेगांतून हजारो-लाखो वर्षे फिरतो. त्याने खनिजे कुजतात आणि आर्गॉन गळून जातो. आर्गॉन कमी भरला की वय कमी दिसते. उलट कधी शिलारसातला जुना आर्गॉन निसटून न जाता आतच राहतो. मग वय फुगते. वाळूच्या घड्याळाला खालून भोक पडले किंवा कोणी वरून मूठभर वाळू टाकली, तर वेळ चुकणारच.

अणुभट्टीची मदत

तारापूर म्हटले की आपल्याला १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आठवते. अणुभट्टीत युरेनियमचे अणुकेंद्र फुटते, न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेपासून वीज करतात. पण या न्यूट्रॉनांचा दगडाचे वय मोजण्याशीही संबंध असेल, असे तुमच्या मनात आले होते का?

१९६६ साली क्रेग मेरीह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी एक युक्ती मांडली. दगडाचा नमुना अणुभट्टीत ठेवायचा. वेगवान न्यूट्रॉनांचा मारा झाला की साध्या पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचे आर्गॉन-३९ मध्ये रूपांतर होते. आर्गॉन-३९ निसर्गातल्या खडकात जवळजवळ नसतोच. म्हणून तो जितका सापडेल त्यावरून पोटॅशियम किती होते ते कळते. आता पोटॅशियम एका तुकड्यात आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात मोजायला नको. एकाच कणातून दोन्ही आर्गॉन बाहेर काढायचे आणि वस्तुमान वर्णपटमापकाने त्यांचे प्रमाण पाहायचे. न्यूट्रॉनांचा मारा किती झाला, हे ठरवण्यासाठी वय माहीत असलेले एक खनिज नमुन्याशेजारी ठेवतात. या कामासाठी वीजकेंद्राची नव्हे, तर संशोधनासाठी बांधलेली अणुभट्टी लागते. पवईच्या संस्थेतील नमुने मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ठेवले गेले आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. नमुना एकदम वितळवत नाहीत. तो टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला सुटणाऱ्या वायूवरून वेगळे वय काढतात. आधी भेगांतला आणि कुजलेल्या कडांचा वायू बाहेर पडतो. शेवटी निघतो तो स्फटिकांच्या गाभ्यातला. ही वये आलेखावर मांडली आणि लागोपाठच्या पुष्कळ टप्प्यांचे वय सारखेच आले, तर आलेखात सपाट भाग दिसतो. त्याला पठार असेच म्हणतात. पठार मिळाले तर वयावर विश्वास ठेवायचा, आलेख वेडावाकडा आला तर तो नमुना बाजूला ठेवायचा. म्हणजे दख्खनच्या पठाराचे वय सांगायला आलेखावरचे पठार लागते!

अहमदाबादच्या भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेतील वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी या पद्धतीने पश्चिम घाटातील थरांची वये मोजली आणि १९९३ साली प्रसिद्ध केली. खडकांत गोठलेल्या चुंबकत्वाचीही साक्ष काढली गेली. पृथ्वीच्या चुंबकाची दिशा अधूनमधून उलटते, आणि दख्खनचे बहुतेक थर एकाच उलट्या काळातले निघाले. असा काळ लाखांत मोजतात, कोटींत नव्हे. फ्रान्सचे व्हॅन्सां कुर्तियो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली हे जोराने मांडले. सात कोटी वर्षांची कल्पना मागे पडली आणि ज्वालामुखींचा मुख्य काळ फार थोडक्यात आटोपला, हे स्पष्ट झाले.

डायनोसॉरांचा खटला

एवढ्या बारकाईची गरज काय, असे तुम्ही विचाराल. गरज आहे, कारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांसह पृथ्वीवरील असंख्य जीवजाती नाहीशा झाल्या. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलूब येथे एक प्रचंड अशनी आदळला. आणि त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. त्याबरोबर गंधकाचे आणि कार्बनचे वायू हवेत मिसळत होते. मग दोषी कोण? लाव्हा आधी वाहिला की नंतर, हे कळल्याशिवाय न्याय कसा करणार?

यासाठी दुसरे घड्याळ वापरले गेले. घाटात रस्ता कापलेला असतो तेथे दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो तुम्ही पाहिला असेल. त्यात कधीकधी ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले झिरकॉन या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉन बनताना आपल्यात युरेनियमला घेतो, पण शिशाला थारा देत नाही. युरेनियमचे पुढे शिसेच होते. म्हणून झिरकॉनमध्ये जे शिसे सापडते ते जवळजवळ सगळे नंतर तयार झालेले असते. शिवाय युरेनियमची दोन समस्थानिके आहेत. एकाचे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे, दुसऱ्याचे ७० कोटी. एकाच स्फटिकात दोन घड्याळे! दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर संशयाला जागा राहत नाही.

२०१९ साली दोन संशोधकगटांनी आपापले निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध केले. ब्लेअर शोन यांच्या गटाने झिरकॉन वापरले, कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने आर्गॉन. लाव्हाचा बहुतेक ढीग दहा लाख वर्षांहून कमी काळात साचला, याबद्दल दोघांचे एकमत झाले. पण पहिल्या गटाच्या मते लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यांतला एक जीवसृष्टीच्या संहाराच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. दुसऱ्या गटाच्या मते लाव्हाचा मोठा वाटा संहारानंतर आला. चांगली उपकरणे असलेले दोन प्रामाणिक साक्षीदार येथे अजून पूर्णपणे जुळलेले नाहीत. खटला चालूच आहे.

खडकाचे कुळ

आता दुसरा प्रश्न. काही ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमेवर असतात. समुद्रतळाचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली खचत जातो. बॅरन बेट अशाच ठिकाणी आहे. पूर्वी लडाखमध्येही हेच घडत होते. भारत आशियाला येऊन भिडण्यापूर्वी मध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ खाली जाताना जे ज्वालामुखी पेटले, त्यांचे खडक आज द्रासजवळ सापडतात. दख्खनचे ज्वालामुखी मात्र भूपट्टाच्या सीमेवर नव्हते. ते भूपट्टाच्या पोटातून, खालच्या प्रावरणातून वर आले. आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटावर जो जागृत ज्वालामुखी आहे, त्याच्या मुळाशी असलेल्या उष्ण स्थानावरून तेव्हा भारत जात होता, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

हा फरक खडकात कसा ओळखायचा? खचणाऱ्या समुद्रतळात पाणी मुरलेले असते. खोल गेल्यावर ते पिळून निघते आणि बेरियम, पोटॅशियम अशी विरघळणारी मूलद्रव्ये वरच्या शिलारसात नेऊन सोडते. निओबियम आणि टँटलम ही मूलद्रव्ये मात्र पाण्याबरोबर सहसा जात नाहीत. म्हणून अशा ठिकाणच्या लाव्हात निओबियमचा तुटवडा असतो. हा जणू त्या कुळाच्या अंगठ्याचा ठसा.

ठशावरून कुळ ठरवणे सोपे वाटते ना? पण आपल्याच घाटातला बुशे गट तपासला तर त्यातही निओबियमचा तुटवडा दिसतो! मग पुण्या-मुंबईच्या मध्ये एखादा भूपट्ट खचत होता काय? नाही. उलगडा स्ट्राँशियमने होतो. स्ट्राँशियम-८७ आणि स्ट्राँशियम-८६ यांचे गुणोत्तर प्रावरणातल्या शिलारसात ०.७०४ च्या आसपास असते. आंबेनळी गटात ते जवळजवळ तेवढेच आहे. बुशे गटात ते ०.७१३ च्या वर जाते. इतके मोठे गुणोत्तर जुन्या ग्रॅनाइटी कवचात असते. म्हणजे बुशेच्या शिलारसाने वर येताना वाटेतले कवच वितळवून आपल्यात मिसळले. आणि भूखंडांचे कवच मुळात फार पूर्वी बऱ्याच अंशी भूपट्ट खचण्याच्या जागीच घडले. त्यामुळे निओबियमचा तुटवडा त्याच्या अंगी जुनाच. दुसऱ्याचा ठसा बुशेच्या लाव्हाने उचलला, इतकेच.

यातून सगळ्याच तपासाचा नियम मिळतो. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. कमीत कमी मिसळ असलेला आंबेनळी गट पाहायचा, समस्थानिके पाहायची, थरांचा पसारा पाहायचा. सगळ्या साक्षी एकत्र ठेवल्या की दख्खनचे कुळ निराळे ठरते.

कोड्याचे उत्तर

आता किनाऱ्याच्या कोड्याकडे वळू. डोंगरीचे वय चुकलेले नाही. मुंबईतील इतर खडकांनीही सुमारे ६ कोटी २५ लाखांचीच साक्ष दिली आहे. घाटावरचा लाव्हा थांबल्यावर बऱ्याच काळाने किनाऱ्यालगत ज्वालामुखींचा दुसरा खेळ झाला. त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा फुटून दूर जाऊ लागला होता.

मग तो नवा लाव्हा जुन्याच्या माथ्यावर उंच का नाही? कारण किनाऱ्याचे थर आडवे राहिलेले नाहीत. ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलले आहेत. हा कल ब्लॅनफर्ड यांनी १८६७ सालीच नोंदवला होता. पुढे ऑडेन यांनी त्याला पनवेलचा बाक हे नाव दिले. वह्यांची चळत टेबलाच्या कडेवरून वाकवली, तर वरच्या वहीचे टोक खालच्या वहीच्या मधल्या भागापेक्षा खाली येते. तसेच येथे झाले. खालचा तो जुना, हा नियम मोडला नाही. ज्याला आपण खालचा समजत होतो तो थर मुळात वरचा होता.

करून पाहा

चिंचोके फोडून पांढऱ्या-काळ्या बाजूंची शंभर शकले घ्या. ती फेका आणि पांढरी बाजू वर आलेली उचलून वाटीत टाका. उरलेली पुन्हा फेका. दोन फेकींनंतर सुमारे २५ उरतील आणि वाटीत ७५ जमतील. वाटीतली संख्या उरलेल्यांच्या तिप्पट, म्हणजे दोन अर्धायुष्ये गेली. आता मित्राला सांगा, की वाटीतून गुपचूप ५० काढून घे. वाटीत २५ आणि उरलेली २५. घड्याळ सांगेल, एकच अर्धायुष्य गेले! वय निम्म्यावर आले. गळक्या घड्याळाने जुन्या संशोधकांना असेच चकवले होते. हाच खेळ वर्गात चार गटांनी वेगवेगळा खेळा, एका गटाची वाटी फोडा आणि गुरुजींना किंवा बाईंना नुसत्या आकड्यांवरून ती कोणती ते ओळखायला सांगा. एक लक्षात असू द्या. पोटॅशियमच्या घड्याळात एक फेक म्हणजे १२५ कोटी वर्षे. आपल्या काळ्या दगडाने अजून पहिल्या फेकीचा साधारण एकोणिसावा भागच पार केला आहे.

आणि सहलीला जव्हारकडे किंवा एखाद्या घाटात गेलात तर रस्त्याच्या कापात थर कोणत्या बाजूला कलले आहेत ते होकायंत्र धरून वहीत नोंदवा. मोठ्यांना सोबत घ्या, खाणीच्या कड्याखाली उभे राहू नका. किनाऱ्याजवळ काढलेली आणि घाटमाथ्यावर काढलेली अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर बाकाची खूण तुमच्या वहीतही सापडेल.